भिंतीला बुरशी, घरात खोकला: पेण-रोह्याच्या ओलसर घरांत तब्येत कशी सांभाळायची?

जुलैचा तिसरा आठवडा उजाडला की पेण-रोह्याच्या घरांत ओळखीची लक्षणं दिसायला लागतात. कपाट उघडलं की कुबट वास येतो. चामड्याच्या पट्ट्यावर पांढरा-हिरवट बुरा चढतो. देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर आधी पिवळसर डाग पडतो, मग रंगाचे पोपडे सुटतात आणि गणपतीपर्यंत तिथे काळे ठिपके जमतात. त्याच सुमारास घरातलं एखादं लहान मूल रात्री खोकायला लागतं, आजीची छाती भरते, कुणाला सकाळी उठल्याबरोबर वीस-पंचवीस शिंका येतात. मग "पावसाची हवा बाधली" म्हणून कफ सिरप आणलं जातं. भिंतीकडे मात्र "दिवाळीला रंग काढू" म्हणून दुर्लक्ष होतं.

या दोन गोष्टींचा अनेकदा थेट संबंध असतो. तो लक्षात आला नाही तर दर पावसाळ्यात तीच औषधं आणि तोच खर्च सुरू राहतो, आणि काहींच्या फुफ्फुसांचं कायमचं नुकसान होतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत 'ब्लॅक फंगस' हा शब्द घरोघरी पोहोचला. तेव्हापासून भिंतीवरच्या काळ्या डागाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकून "हे तेच का?" असं विचारणारे बरेच जण भेटतात. उत्तर आहे, नाही. तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. तो वेगळ्या गटातल्या बुरशीमुळे होतो, आणि मुख्यतः साखर खूप वाढलेल्या, जास्त स्टेरॉइड घेतलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना होतो. ज्यामुळे हे नाव पडलं तो काळा रंग बुरशीचा नसतो, मेलेल्या पेशींचा असतो.

भिंतीवर, कपाटात, गादीत वाढणाऱ्या बुरशी बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस, पेनिसिलियम, अल्टरनेरिया या जातींच्या असतात. त्यांचा त्रास निराळा, हळूहळू होणारा आणि जास्त घरांत होणारा आहे. रंगावरून बुरशी किती घातक आहे हे ठरवता येत नाही. काळी म्हणजे विषारी आणि पांढरी म्हणजे निरुपद्रवी असं काही नसतं. ती कुठलीही असो, घरात वाढतेय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

इथेच एवढी ओल का?

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, अगदी राजस्थानातसुद्धा. ते रुजायला ओल आणि थोडं खाद्य लागतं. खाद्य म्हणजे लाकूड, कागद, पुठ्ठा, कापूस, चामडं, भिंतीवरची धूळ. ओल सोडली तर बाकी सगळं प्रत्येक घरात असतंच. एखादी वस्तू भिजून २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर तिच्यावर बुरशी धरायला सुरुवात होऊ शकते. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत काहीही ४८ तासांत वाळवायचं म्हणजे परीक्षाच.

त्यात या दोन तालुक्यांची आपापली दुखणी आहेत. पेणच्या पश्चिमेला धरमतर खाडीलगतच्या खारेपाटात जमिनीतच पाणी आणि मीठ. ते पाणी पायातून भिंतीत चढतं आणि जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत भिंत कायम ओलसर ठेवतं. रोहा तालुक्यात कुंडलिका आणि नागोठण्याजवळून वाहणारी अंबा, दोन्ही नद्या मुसळधार पावसात पात्र सोडतात. पूर ओसरला तरी घरात शिरलेलं पाणी भिंतींत पुढे कित्येक आठवडे राहतं.

घरंही बदलली. जुनं घर जांभ्याचं किंवा मातीचं, वर कौलं, पुढे पडवी. पाऊस सुरू व्हायच्या आधी झावळ्यांची विणलेली झापं भिंतीला बांधायची, म्हणजे वाऱ्याबरोबर येणारी झड भिंतीला लागत नसे. कौलांच्या फटींतून हवा खेळायची. चुलीच्या उबेने आढं कोरडं राहायचं. (चुलीच्या धुराने बायकांच्या फुफ्फुसांचं काय केलं हा वेगळा विषय आहे, त्यामुळे "जुनं तेच सोनं" म्हणायची घाई नको.) आता स्लॅबचं घर आलं, सिमेंटचा गिलावा आला, वर प्लास्टिक इमल्शन रंग. छज्जा मात्र अरुंद, आणि डासांमुळे खिडक्या बंद. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच उरली नाही.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते ३ जून २०२० ला दिसलं. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं, आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, रोहा, माणगाव या भागांत हजारो घरांचे पत्रे आणि कौलं उडाली. पाऊस तोंडावर होता. लॉकडाऊनचे दिवस, पत्रे मिळेनात, कारागीर मिळेनात, वीज कित्येक दिवस नाही. ताडपत्रीखाली काढलेला तो पावसाळा अनेकांच्या गाद्या, कपडे, धान्य आणि छाती, सगळ्यांवर बेतला.

शरीरात नेमकं होतं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, भारत आणि जपानमध्ये १० ते ५० टक्के घरं-इमारतींना ओलीचा प्रश्न आहे. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा आणि श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त होतात, याला पुरेसा पुरावा आहे असंही त्यांनी म्हटलं. मात्र "हवेत इतके बीजाणू असले तर धोका" अशी मर्यादा त्यांनी ठरवली नाही, कारण प्रत्येकाचं शरीर वेगळी प्रतिक्रिया देतं. म्हणूनच एकाच खोलीत झोपणाऱ्या चौघांपैकी एकालाच त्रास होतो आणि बाकीचे तिघे त्याला नाजूक ठरवतात.

सगळ्यात जास्त आढळणारा त्रास ॲलर्जीचा. नाक चोंदणं, सतत शिंका, डोळ्यांना खाज, घसा खवखवणं. त्याच्या पुढची पायरी दमा. रात्री किंवा पहाटे येणारा कोरडा खोकला, छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज, जिना चढताना धाप. लहान मुलांमध्ये दमा अनेकदा फक्त खोकल्याच्या रूपात दिसतो, त्यामुळे "याला वारंवार सर्दी होते" म्हणत वर्षं निघून जातात.

यापेक्षा कमी लोकांना होणारे, पण जास्त गंभीर असे दोन प्रकार माहीत असायला हवेत. पहिल्याला डॉक्टर 'एबीपीए' म्हणतात. दमा असलेल्या काही जणांच्या श्वासनलिकेत ॲस्परजिलस ही बुरशी ठाण मांडते आणि शरीर तिच्याविरुद्ध तीव्र ॲलर्जीने पेटून उठतं. दमा काही केल्या आटोक्यात येत नाही, खोकल्यातून तपकिरी घट्ट कफ पडतो, एक्स-रेमध्ये डाग दिसतात. आपल्याकडे ही चित्रं पाहून क्षयरोग समजून उपचार सुरू झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. म्हणून थुंकीच्या तपासणीत टीबीचे जंतू सापडले नसतील आणि रुग्णाला आधीपासून दमा असेल, तर "एबीपीएची तपासणी करायची का?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. रक्तातलं एकूण आयजीई आणि ॲस्परजिलसविरुद्धचं आयजीई या चाचण्यांनी निदानाला दिशा मिळते. चालू असलेली टीबीची औषधं मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

दुसरा प्रकार हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे फुफ्फुसाच्या आतल्या नाजूक भागाला सूज. बुरशी लागलेला पेंढा उपसला, कुजकट धान्य चाळलं, आणि चार ते आठ तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, धाप. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटतं. भातशेतीच्या या भागात असा ताप सहज "व्हायरल" म्हणून सोडून दिला जाऊ शकतो. पण संपर्क चालूच राहिला तर फुफ्फुसं कडक होत जातात आणि ते नुकसान भरून येत नाही. भारतातल्या १९ शहरांमधल्या १,०८४ रुग्णांची एक नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. फुफ्फुसं कडक होण्याच्या आजारांत हाच प्रकार सर्वांत जास्त, ४७.३ टक्के निघाला. त्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा एअर कूलरशी संबंध आला होता. साचलेलं पाणी, ओलं गवत आणि तोंडावर येणारा वारा, बुरशीला याहून चांगलं वाहन कुठलं? उन्हाळ्यात कूलर वापरत असाल तर त्यातलं पाणी आणि गवत नियमित बदला.

ओलीचा धोका किती गांभीर्याने घ्यावा हे इंग्लंडला एका मुलाच्या मृत्यूने शिकवलं. रॉचडेल गावात अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. भाड्याच्या घरातल्या बुरशीची तक्रार त्याच्या आईवडिलांनी अनेकदा केली होती, आणि त्यांना भिंतीला रंग काढायला सांगितलं गेलं होतं. बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे श्वसनाचा गंभीर आजार होऊन तो गेला, असा निष्कर्ष न्यायालयीन चौकशीने नोव्हेंबर २०२२ मध्ये काढला. त्याच्या नावाने झालेला नियम ऑक्टोबर २०२५ पासून तिथे लागू झाला: सामाजिक घरांच्या मालकाने तातडीचा धोका २४ तासांत हाताळायचा आणि ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची तपासणी कामाच्या १० दिवसांत करायची. आपल्याकडे असा नियम नाही.

त्रास घरामुळे होतोय हे कसं ओळखायचं?

यासाठी महागडी चाचणी लागत नाही. एक साधा प्रश्न विचारा: घर सोडल्यावर बरं वाटतं का? मुलगा आजोळी पुण्याला आठ दिवस राहिला आणि खोकला थांबला, परत आल्यावर दोन रात्रींत सुरू झाला, असं दोन-तीनदा घडलं असेल तर संशय घराकडे जातो. उलटही होतं. घरी ठीक आणि कामावर गेल्यावर त्रास. पेण, हमरापूर, जोहे परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांत ऐन पावसाळ्यात ओल आणि घासकामाची धूळ एकत्र असते. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याचा खोकला रसायनांचाही असू शकतो. म्हणून खोकला आला की लगेच बुरशीला दोषी धरणंही बरोबर नाही.

एका वहीत तीन आठवडे नोंद ठेवा. कुठल्या खोलीत झोपलो, रात्री खोकला आला का, पंप किती वेळा घ्यावा लागला, त्या दिवशी काय झाडलं-उपसलं. ही वही आणि भिंतीचे मोबाइलवर काढलेले फोटो डॉक्टरांना दाखवा. "खोकला आहे" एवढंच सांगितलं तर खोकल्याचं औषध मिळेल. "झोपायच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला तीन वर्षं बुरशी आहे आणि माहेरी गेलं की मला बरं वाटतं" असं सांगितलं तर तपासणीची दिशाच बदलते.

पेण आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची टीबी तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ती आधी करून घ्या, म्हणजे मनातली एक शंका तरी मिटेल. फुफ्फुसांची क्षमता मोजणारी फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, छातीरोगतज्ज्ञांकडे होते. गुंतागुंतीच्या रुग्णांना मुंबईत केईएम, सायन, जे. जे. या रुग्णालयांचे छातीविकार विभाग आहेत.

सोशल मीडियावर "शरीरातलं बुरशीचं विष मोजून देऊ" असं सांगणाऱ्या लघवीच्या चाचण्या आणि 'मोल्ड डिटॉक्स'ची पाकिटं विकली जातात. त्यांना वैद्यकीय मान्यता नाही. घरातल्या हवेचे नमुने घेऊन बीजाणू मोजणंही बहुतेकांना निरुपयोगी, कारण निकाल कशाशी ताडायचा याचं सर्वमान्य प्रमाणच नाही. तेवढे पैसे गच्चीच्या दुरुस्तीला लावा.

पंपाची भीती

दम्याच्या बाबतीत आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान एका वाक्याने केलंय: "पंपाची सवय लागते." नाही लागत. इन्हेलरमधून औषध थेट श्वासनलिकेत जातं, त्यामुळे गोळीच्या तुलनेत फार कमी मात्रा पुरते. रोज घ्यायचा सूज कमी करणारा पंप आणि अडचणीच्या वेळी घ्यायचा पंप, दोन्हींचं काम वेगळं असतं. कुठला कधी घ्यायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. लहान मुलांना आणि वयस्करांना स्पेसर लावून द्या. दर पावसाळ्यात त्रास वाढत असेल तर मे महिन्यातच डॉक्टरांना भेटा. औषध कधी सुरू करायचं, किती वाढवायचं ते ठरवून घ्या. ऑगस्टमध्ये छाती पूर्ण भरल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

नाकाच्या ॲलर्जीला मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा अनेकांना फायदा होतो, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे डॉक्टरांनी दिला असेल तर तो दोन दिवसांत सोडू नका. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात.

एका वाक्यात बोलता येत नाही इतकी धाप, मुलाच्या बरगड्यांखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जाणं, ओठ निळसर पडणं, पंप घेऊनही आराम न पडणं: यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

पाणी कुठून येतंय ते शोधा

औषधाने माणूस सावरतो, पण भिंत ओली राहिली तर पुढच्या पावसात सगळं पुन्हा तिथेच येतं. आणि पाण्याचा रस्ता न शोधता मारलेला 'अँटी-फंगल' रंग फार तर एक हंगाम टिकतो.

डाग कुठे आहे यावरून बरंच कळतं. छताला गोल पिवळे डाग म्हणजे गच्ची. जमिनीपासून दोन-तीन फूट सलग पट्टा म्हणजे पायातून चढणारं पाणी. फक्त पश्चिम किंवा नैर्ऋत्येच्या भिंतीला, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत ओल म्हणजे झड, कारण आपला पावसाळी वारा तिकडूनच येतो. बाथरूमच्या पाठीमागची भिंत उन्हाळ्यातही ओली असेल तर नळाची गळती.

खारेपाटात आणखी एक फरक ओळखावा लागतो. भिंतीवर पांढरी, भुसभुशीत पूड दिसली तर ती बुरशी असेलच असं नाही, लोणा असू शकतो, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेलं मीठ. थोडी पूड वाटीतल्या पाण्यात टाका. विरघळली तर लोणा, न विरघळता तरंगत राहिली तर बुरशी असण्याची शक्यता जास्त. लोण्याने खोकला येत नाही, पण तिथे पाणी चढतंय हे तो सांगतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल अजून वर सरकते.

ओल आतून की बाहेरून, हे कळत नसेल तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलं तर ते भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर घरातल्या हवेतली वाफ गार पृष्ठभागावर जमतेय, आणि मग स्वयंपाकघर, बाथरूम, आत वाळत घातलेले कपडे यांच्याकडे बघायला हवं.

बुरशी पुसताना

दमा, एबीपीए, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाने, तसंच गरोदर बाईने हे काम करू नये. मुलांनाही त्या खोलीतून बाहेर काढा. साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरी साफ करता येतो. त्याहून मोठा असेल, किंवा पुराच्या पाण्याने झाला असेल, तर गिलावा फोडायची तयारी ठेवा.

कोरड्या ब्रशने किंवा झाडूने खरवडणं हे सगळ्यात वाईट, कारण लाखो बीजाणू एका झटक्यात हवेत जातात. आधी पाणी फवारून डाग ओला करा. एन-९५ मास्क (ओढणी नव्हे), हातमोजे, शक्य असेल तर चष्मा घाला. पंखा बंद, खिडकी उघडी. फरशी, टाइल्स, धातू, ऑइलपेंटची भिंत साबणाच्या पाण्याने घासा, पुसा आणि पूर्ण कोरडी करा. बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचाही नेहमीच्या सफाईसाठी ब्लीच वापरण्याला दुजोरा नाही. वापरायचंच असेल तर ते टॉयलेट क्लीनर, ॲसिड किंवा व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो.

मऊ, शोषून घेणाऱ्या वस्तूंचं मात्र अवघड असतं. आतपर्यंत बुरशी गेलेली कापसाची गादी, उशी, पुठ्ठ्याची खोकी टाकलेली बरी. गादी पिंजून घेतली की नवी होते असं आपण धरून चालतो, पण पिंजताना तीच बुरशी पिंजाऱ्याच्या आणि शेजारच्यांच्या छातीत जाते. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवले तर वाचतात. बुरा आलेले शेंगदाणे किंवा तांदूळ निवडून, धुऊन वापरू नका. काही बुरशींचं विष शिजवूनही जात नाही.

तेवढे चार महिने

बाहेर हवेतच नव्वद टक्के ओलावा असताना दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून घर वाळत नाही. पाऊस थांबून ऊन पडलं की तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघडा, पंखे लावा. स्वयंपाक आणि अंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा, नंतरही वीस मिनिटं. काहीशे रुपयांना आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र मिळतं. घरातला आकडा ६० च्या खाली ठेवता आला तर बुरशीला रुजणं कठीण जातं. कोकणात जुलैमध्ये निव्वळ पंख्याने हे जमत नाही हे मान्य करायला हवं. एसी असेल तर 'ड्राय' मोडवर दोन-तीन तास चालवा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर निदान त्याच्या झोपायच्या खोलीपुरतं डीह्युमिडिफायर घेण्याचा विचार करा. सगळं घर कोरडं ठेवता येत नसेल तर एक खोली तरी ठेवा, आणि ती आजारी माणसाची असू द्या.

बादलीभर ओल्या कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. ते झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. पडवी, जिना, गच्चीवरची पत्र्याची शेड, काहीही चालेल. पलंग पश्चिमेच्या भिंतीपासून लांब घ्या, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कपाटात बल्ब लावून ठेवण्याची जुनी युक्ती चालते, पण कपड्याला टेकलेला बल्ब आग लावतो.

कुबट वास मारायला आपण धूप, लोबान, उदबत्ती लावतो. बंद घरात तो धूर दम्याच्या माणसाला बुरशीइतकाच त्रास देतो, डासांची कॉइलही तशीच. डांबर गोळ्यांनी बुरशी मरत नाही, आणि जी-सिक्स-पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना त्यांच्या वाफेमुळे रक्त फुटण्याचा धोका असतो. बाळाची दुपटी त्या गोळ्यांत ठेवू नका.

दुरुस्ती कुणाची?

पेणला नव्या इमारती झपाट्याने उभ्या राहतायत, आणि पहिल्याच पावसात भिंत गळाल्याच्या तक्रारीही होतात. अशा वेळी रेरा कायदा कामाचा आहे. त्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष लक्षात आणून दिला तर बिल्डरने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्या, तारखेसह फोटो जोडा. सोसायटीत आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या सामायिक पाइपातून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची. संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती त्या सदस्याने.

भाडेकरूंची स्थिती जास्त नाजूक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण हे भाडेकराराला लागू. आजकाल बहुतेक घरं ११ महिन्यांच्या लिव्ह-अँड-लायसन्सवर असतात, तिथे कराराच्या कागदात काय लिहिलंय तेच चालतं. म्हणून सही करायच्या आधी, शक्यतो पावसाळ्यातच घर बघा. कपाटामागे हात लावा, पलंगाखाली वास घ्या, ताज्या रंगाचा एकच पट्टा कुठे दिसतो ते पाहा. करारात गळती-दुरुस्तीचं एक वाक्य घालून घ्या.

स्वतःचं घर असेल तर कामाचे महिने मार्च ते मे. गच्चीच्या भेगा, पन्हळी, पाइपांचे सांधे तेव्हाच बघावेत. गच्चीवर कोबा करायचा की पत्र्याची शेड, यावर प्रत्येक गवंड्याचं मत वेगळं असतं. पण छज्जा फूटभर वाढवला आणि झड लागणाऱ्या भिंतीला बाहेरून पत्र्याचा किंवा झापांचा आडोसा केला तर कमी खर्चात बराच फरक पडतो. जांभ्याच्या आणि मातीच्या जुन्या भिंतींना प्लास्टिक रंगाऐवजी चुना लावा. चुना खूप अल्कधर्मी असल्याने बुरशीला मानवत नाही आणि भिंतीतली वाफ बाहेर पडू देतो. भिंत भिजलेली असताना कुठलाच रंग लावू नका. दसऱ्यानंतरचं ऊन महिनाभर खाऊ द्या, मग ब्रश हातात घ्या.